अर्ध्या दाराखालून

सचदेव नावाचा मुलगा भोपाळहून आला होता,
हातात उजेड मोजायचं यंत्र.
ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,
मॅडम, इथे नव्वदच आहे, तीनशे हवा.
मी चष्मा पुसला.
सव्वीस वर्षं नव्वदात काम केलं
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने आवाज मोजला : कूलरची घरघर,
बघेलचा खोकला, रोशनदानातली कबुतरं.
उष्णता मोजली. जूनमधली ग्वाल्हेरची दुपार,
खसाची ताटी सुकली की बघेल मगाने पाणी मारायचा
आणि पेन्शनच्या कागदांना दमट वास चढायचा.
माझ्या खुर्चीची उंची मोजली, गुडघ्यापासून.
अर्धं दार मात्र त्याने मोजलं नाही.
ढकलून आत आला, ढकलून बाहेर गेला,
ते त्याच्यामागे बराच वेळ हलत राहिलं.

आता आम्ही सिटी सेंटरला आहोत.
खोटं कशाला बोलू, बरं आहे.
पाठ दुखत नाही. मे महिन्यात शाल लागते.
उजेड सगळ्यांना सारखा, सावली कुणालाच नाही.
जिवाजीगंजात दिवसाला अकरा प्रकरणं निघायची,
इथे एकोणीस.
भिंतीवर आलेख लावलाय, त्यात माझी रेघ
किल्ल्याच्या चढासारखी जाते.
घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, वा,
आणि पेपर उलटला.

पण तिथे दाराखालून पाय दिसायचे,
बाहेरच्या बाकावर बसलेल्यांचे.
नुसते पाय, घोट्यापर्यंत.
नाव फायलीत असायचं,
आणि पायांवरून मी ओळखायचे
कोण मुरैन्याहून पहिल्या बसने आलंय,
कोणाला सूज चढलीय,
कोण तिसऱ्यांदा आलंय.
दुपारी दोनला मान मोडून यायची तेव्हा
मी तिकडे बघायचे.
हात आपोआप चालायचा.

इथे फाइल टोकन घेऊन येते.
मधे काच आहे, तिला दुधी कागद लावलाय,
लक्ष विचलित होऊ नये म्हणून.
पलीकडे काहीतरी हलतं, माशांच्या टाकीसारखं.

ऑगस्टमध्ये एक फाइल परत आली.
कटोरीबाई, पती कै. सुलतानसिंह, वनरक्षक.
अंगठा जुळत नाही, असा शेरा मारून
मीच पाठवली होती, माझंच अक्षर,
त्या दिवसाची सतरावी.
सोबत आता डॉक्टरचा कागद :
भाजल्यामुळे अंगठ्याचं कातडं नवं.
मधे पाच महिने.
तिथे असते तर उठले असते, दार ढकललं असतं,
अम्मा, हाथ तो दिखाओ.
एवढंच. अर्धं मिनिट.
तिच्या अंगठ्याला पाच महिने लागले
काचेच्या अलीकडे यायला.

याचा रकाना सचदेवच्या तक्त्यात नाही.
त्याचा दोष नाही. पोरगा चांगला होता,
जाताना बघेलला वाकून नमस्कार केला त्याने.

शनिवारी सगळे गेल्यावर मी जमिनीवर बसले,
सत्तावन्नाव्या वर्षी, पदर खोचून,
आणि पेपरकटरने दुधी कागद खरवडला,
खालून चार बोटं,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
पातं दोनदा घसरलं.
कागदाच्या वळकट्या पर्समध्ये कोंबल्या.
बघेलने पाहिलं असावं,
दिवे घालवायला तो त्या दिवशी उशिरा आला.

सोमवारपासून सतरा.
वरून विचारणा झाली आहे, दोन कुठे गेली.
उत्तर लिहायला बसलेय.
समोर, चार बोटांच्या फटीत,
निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल,
तिचा अंगठा तारेने शिवलेला,
दुसरा पाय तिच्यावर ठेवलेला, हलतोय.

थांबा, आधी ही कोण ते बघून येते.